दिसेल तेवढीच वाट



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि आपल्या समाजातील दोन प्रकारची माणसे एकाच वेळी रस्त्यावर येतात. चार महिने एका गावी स्थिर राहिलेले साधु-साध्वी विहारास निघतात, आणि तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाल्यामुळे आपण व्यापारी मालाच्या गाड्या घेऊन पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतो. रस्ता तोच, वेळही बहुधा तीच. एक अनवाणी चालत असतो, दुसरा ताशी साठ किलोमीटरने धावत असतो. मधल्या जागेत धुके असते.

या सदरात मी सहसा दुकानदारीविषयी लिहितो. या वेळी मात्र माझ्या हातून घडता घडता राहिलेल्या एका गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे.

मार्गशीर्षातील एक पहाट. पेणच्या एका ग्राहकाला आहेराची भांडी साडेसातच्या आत पोहोचवायची होती, म्हणून मी पावणेसहाला रोह्याहून निघालो. भिसे खिंडीत आकाश इतके निवळ होते की चांदण्या मोजाव्यात. खिंड उतरून नागोठण्याला आलो तेव्हा अंबा नदीवर धुक्याची लादी पसरलेली दिसली. महामार्गाला लागल्यावर ती कधी विरळ, कधी दाट होत गेली. गडब मागे टाकले. काटा पन्नासवर होता आणि पन्नास म्हणजे सावकाशच, असे मी स्वतःला सांगत होतो. सहा चाळीसच्या सुमारास दिव्यांच्या उजेडात एकाएकी एक हिरवे लुगडे दिसले. ब्रेक दाबला, चाक उजवीकडे फिरवले, मागची भांडी खणाणत पुढे आली आणि गाडी थांबली. उतरून पाहिले तेव्हा समजले की लुगडे नेसलेल्या बाई एक व्हीलचेअर ढकलीत होत्या, खुर्चीत एक वृद्ध साध्वीजी होत्या आणि त्यांच्या पुढे आणखी तीन साध्वीजी चालत होत्या. चौघींपैकी एकही मला गाडीतून दिसली नव्हती. पांढऱ्या धुक्यात पांढरी वस्त्रे दिसतच नाहीत. त्या बाईंनी त्या दिवशी गडद रंगाचे लुगडे नेसले नसते तर पुढे काय झाले असते, याचा विचार मी अजूनही पूर्ण करीत नाही.

साध्वीजींनी मला धर्मलाभ दिला आणि विचारले, "आपल्याला कुठे लागले नाही ना?" लुगडेवाल्या बाई मात्र थरथरत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, दिसत नाय तर पळवता कशाला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर मी ते शोधू लागलो. प्रथम धुक्याचाच अभ्यास केला, कारण आपल्या भागात धुके हा उत्तर हिंदुस्थानातील प्रकार आहे, कोकणात त्याचे एवढे काय, असे मानण्याची रीत आहे. दिल्लीकडचे धुके दिवस दिवस बसून राहते. आपले दोन-तीन तासांचे पाहुणे असते. परंतु ते नेमके कुठे आणि केव्हा येते, ते पाहावे. रात्री आकाश निरभ्र असले आणि वारा पडला की जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडते. जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यासाठी लागणारा ओलावा पेण-रोह्याच्या पट्ट्यात सर्वत्र आहे: भोगावती व अंबेच्या खाड्या, खारभूमीची शेते, मिठागरे, भात कापल्यावर अंगच्या ओलीवर वाल पेरलेली वावरे. कुंडलिकेला तर भिरा येथील वीजगृहातून सुटणारे पाणी मिळत असल्याने ती बारमाही वाहते. त्यात रस्त्याकडेच्या शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा व वीटभट्ट्यांचा धूर मिसळला की धुके अधिकच दाटते. गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. म्हणूनच खिंडीत चांदण्या आणि खाली पांढरा अंधार. खिंडीतली मोकळी हवा चालकाला भरवसा देते, उतार वेग देतो आणि त्याच वेगाने तो धुक्यात शिरतो. नागोठणे-रोहे रस्त्यावरील भिसे खिंड आणि महामार्गावरील नागोठणे ते कोलाड यांमधील सुकेळी खिंड, दोन्हींकडे हे असेच आहे. तेव्हा वेग खिंड उतरताना कमी करावा. धुके दिसल्यावर कमी करू म्हणणारा उशीर करतो.

आणखी एक चुकीची समजूत माझी होती. सूर्य उगवला की धुके विरळते असे मी मानत असे. प्रत्यक्षात उगवत्या उन्हाने खालची हवा किंचित ढवळली जाते आणि पुष्कळदा सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास हाच सर्वांत दाट असतो. पौषात आपल्याकडे सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. म्हणजे आपण दुकान गाठण्यासाठी जी वेळ पकडतो, तीच धुक्याची ऐन वेळ.

आता हिशेब. हवामान विभागाच्या लेखी एक किलोमीटरपेक्षा कमी दिसू लागले की धुके, २०० मीटरपेक्षा कमी दिसले की दाट धुके आणि ५० मीटरपेक्षा कमी दिसले की अतिदाट. गाडी थांबायला किती जागा लागते ते याच्या शेजारी मांडून पाहावे. समोरचे दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो, तेवढ्यात गाडी धावतच असते. त्यानंतर ब्रेक लागून ती थांबते. कोरड्या रस्त्यावर मोटार ताशी ४० च्या वेगाने जात असेल तर ही सर्व मिळून सुमारे २५ मीटर जागा लागते, ६० ला ४०-४५ मीटर, ८० ला ६५-७० मीटर. वेग दुप्पट झाला की केवळ ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. रस्ता दवाने ओला असेल, टायर झिजले असतील किंवा मागे माल भरलेला असेल तर हे आकडे आणखी वाढतात. त्या पहाटे मला २५-३० मीटरपलीकडे दिसत नव्हते आणि माझ्या ५० च्या वेगाला थांबायला किमान ३५ मीटर लागणार होते. गल्ल्यात तीस रुपये आणि देणे पस्तीसचे. पाचाची तूट त्या दिवशी चाक फिरवून भागली, कारण उजव्या बाजूने मागून कोणी येत नव्हते. व्यापारात अशा रीतीने भागलेल्या तुटीला आपण नफा म्हणत नाही.

धुक्यात मीटर मोजणार कसे, असे कोणी विचारील. मीटर मोजू नयेत, वेळ मोजावी. समोर एखादा खांब, झाड, दगड धूसर दिसू लागला की मनात नवकाराची पहिली दोन पदे सावकाश म्हणावीत. तेवढ्यात आपण त्या खांबापाशी पोहोचलो नसू तर वेग ठीक आहे. दुसरे पद पूर्ण होण्याआधीच खांब मागे गेला तर पाय उचलावा. दोन पदांना सुमारे चार सेकंद लागतात. मंत्राचा वापर घड्याळासारखा करणे कोणास अविनय वाटल्यास त्याने एक ते चार अंक मोजावेत; मला मात्र पदे म्हणताना मन ठिकाणावर राहते असा अनुभव आहे. आणि पन्नास मीटरही दिसेनासे झाले तर कोणताच वेग ठीक नसतो. पेट्रोलपंप, ढाबा, गावातील चौक असे जागेचे ठिकाण पाहून गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर घ्यावी आणि थांबावे. साईडपट्टीवर अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर ठेवून थांबणे हे मात्र चालण्याहूनही वाईट.

दिव्यांबाबत आपल्याकडे फारच गैरसमज आहेत. अप्पर लावला की दूरचे दिसते हा नियम धुक्यात उलटा होतो. वरचा झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो आणि काचेपुढे पांढरी भिंत उभी राहते. डिपर ठेवावा. फॉग लॅम्प असतील तर तेही लावावेत, कारण ते खालून, रस्त्यालगत उजेड टाकतात. केवळ पार्किंगचे बारीक दिवे लावून चालणारे पुष्कळ असतात. त्यांना स्वतःला दिसते तेवढे पुरते, पण ते दुसऱ्याला दिसत नाहीत. मागचे लाल दिवे लागतात की नाही हे निघण्यापूर्वी घरातील कोणाला तरी मागे उभे करून पाहावे. टेम्पोच्या मागच्या दिव्यांवर महिनोन्‌महिने धूळ बसलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणे ही तर आता प्रथाच झाली आहे. त्यामुळे मागच्याला गाडी उभी आहे की चालती आहे हे कळत नाही, आणि आपण वळणार असलो तर तेही कळत नाही. चार दिवे उभ्या गाडीसाठी आहेत.

पुढील ट्रकचे लाल दिवे धरून त्याच्या मागे मागे जाणे अनेकांना सुरक्षित वाटते. तो ट्रकवाला चुकला तर आपण त्याच्याबरोबर चुकतो, एवढेच म्हणतो. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, तेथे असे मागे मागे गेलेले कित्येक जण पेणऐवजी अलिबागच्या वाटेला लागतात. ही तशी हसण्यावारी नेण्याची चूक. पण फाटा चुकल्याचे ध्यानात येताच मधेच ब्रेक लावून गाडी मागे घेणारे महाभाग मी धुक्यात पाहिले आहेत.

काचेविषयी थोडेसे. पहाटे बाहेरची हवा गार आणि आत चार माणसांचा श्वास. काच आतून धुरकटते. हाताने किंवा रुमालाने पुसली की तेलकट ओरखडे उठतात आणि समोरून दिवा आला की ते चकाकतात. थंडीत एसी कशाला म्हणून आपण तो बंद ठेवतो. वास्तविक एसी हवेतील ओल शोषतो, म्हणून तो किंचित ऊब ठेवून, हवा काचेकडे वळवून व बाहेरची हवा आत घेत चालू ठेवला की काच मिनिटाभरात निवळते. तेही नसेल तर दोन खिडक्या बोटभर उघडाव्यात. काच बाहेरून ओली होत असेल तर वायपर. धुके विरल्यावरही एक धोका उरतो. रोह्याहून कोलाडकडे किंवा पेणहून खोपोलीकडे निघालेल्याच्या समोर हिवाळ्याचा खाली लोंबणारा सूर्य येतो आणि मळकी काच एकदम आंधळी होते.

महामार्गाची कहाणी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पूर्वीचा १७ क्रमांकाचा, आताचा ६६ क्रमांकाचा हा रस्ता; त्याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि मग वर्षांमागून वर्षे गेली. काल डावीकडून असलेली वाट आज उजवीकडून निघते. ओळखीचा रस्ता म्हणून डोळे मिटून जाईन, ही फुशारकी येथे नको.

दुचाकीवर जाणाऱ्या मुलांसाठी एवढेच: हेल्मेटची काच धुक्यात भिजते म्हणून ती वर करून, डोळे बारीक करून गाडी हाकू नये, थांबून पुसावी, आणि मफलर किंवा शाल मोकळी सोडू नये. तिचे टोक चाकात जाते आणि मानेला फास बसतो.

पण दिवे, काच, ब्रेक हे सारे दुय्यम आहे. मूळ कारण घाई, आणि आपल्या घरांतील घाईला काही आपली खास कारणे आहेत. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईला मस्जिद बंदरला किंवा वाशीच्या बाजारात गेलेला माणूस चारला निघतो आणि चौविहार साधावा म्हणून पनवेलनंतर गाडी पळवू लागतो. घरी आई ताट वाढून वाट पाहात असते आणि दर दहा मिनिटांनी फोन करते, "कुठवर आलास?" व्रत पाळण्यासाठी चाललेली ही शर्यत रस्त्यावरच्या कोणा जिवावर बेतली तर त्या व्रताचा हिशेब कसा मांडावा? डबा गाडीत असावा. साडेपाचला कोठेही सावलीत गाडी उभी करावी, शांतपणे जेवावे, पाणी प्यावे, पच्चक्खाण घ्यावे आणि मग सावकाश यावे. सकाळचेही तसेच. नवकारशीला सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबावे लागते. ती घरीच पारून निघाले तर धुक्याची ऐन वेळ आपोआप टळते. आणि जेथे माल न्यायचा नाही, केवळ माणसाने जायचे आहे, तेथे दिवा-रोहा मार्गावरील गाडी आहे. पेण, कासू, नागोठणे, रोहे अशी ती थेट जाते आणि इंजिनचालकाला रूळ शोधावे लागत नाहीत.

आता त्या साध्वीजींकडे परत येतो. मी नंतर चौकशी केली. त्यांचा मुक्काम वाटेतील एका शाळेत होता आणि नऊ वाजता पेणला प्रवेश ठरला होता. बँड सांगितला होता, नवकारशीची व्यवस्था होती. व्हीलचेअरसह ते अंतर नऊच्या आत तोडायचे तर पहाटेच्या काळोखात निघण्यावाचून गत्यंतर नव्हते. नऊची वेळ कोणी ठरवली? आम्ही श्रावकांनी. दहाला दुकाने उघडावी लागतात, म्हणून प्रवेश त्याआधी उरकावा. त्या कार्यक्रमाचे निमंत्रण माझ्याही खिशात होते आणि वेळ सोयीची आहे असे मीच फोनवर म्हटले होते.

साधूंचे ईर्यासमितीचे व्रत म्हणजे पुढील साडेतीन-चार हात जमीन डोळ्यांनी पाहून, एखादा जीव पायाखाली येत नाही ना याची खात्री करून पाऊल टाकणे. त्यासाठी उजेड लागतो. जे व्रत सूर्यप्रकाशावर उभे आहे ते पाळणाऱ्यांना आपण आपल्या दुकानाच्या वेळेसाठी अंधारात चालायला लावतो. महामार्गांवर विहारातील साधु-साध्वींचे अपघाती निधन झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, शोकसभा भरवतो, वाहनचालकांच्या बेदरकारपणाचा निषेध करतो. निषेध योग्यच आहे. परंतु सभेत हात जोडून उभा असलेला संघही त्या घटनेपासून अगदीच दूर नसतो, हे लिहिण्याचे धाडस मी करतो, कारण त्या पहाटे मी दोन्ही बाजूंना होतो: गाडीतही आणि निमंत्रणाच्या यादीतही.

संघांनी हिवाळ्यात प्रवेशाची वेळ अकराच्या आधी ठेवू नये, असे मला वाटते. दुकान एक दिवस बाराला उघडले तर ग्राहक कायमचा जात नाही. विहारात सोबत करणाऱ्या तरुणांनी चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालावीत. साधु-साध्वींच्या वेषाला हात लावण्याचा प्रश्न येत नाही, त्यांच्या पुढे व मागे चालणाऱ्याने दिसले की पुरे. मागच्याने लुकलुकणारा लाल दिवा धरावा आणि तो पन्नासएक पावले मागे असावा. अगदी जवळ असेल तर त्याचा उपयोग नाही. व्हीलचेअरच्या पाठीला लाल परावर्तक पट्टी चिकटवायला शंभर-दोनशे रुपयांहून अधिक लागत नाहीत. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. सोबत मोटार असेल तर ती चालत्या रांगेच्या मागे रस्त्यावर रेंगाळत ठेवू नये. तीच मागून येणाऱ्याला धडकण्याची वस्तू होते. मोटार पुढच्या टप्प्यावर, रस्त्याबाहेर उभी असावी.

आणि तरीही काही घडलेच तर? १०८ ला फोन करावा, रुग्णवाहिका येते. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती व्यापारी माणसाच्या मनात खोल बसलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे कलम दुकानात काम करणाऱ्या मुलांनाही सांगून ठेवावे, कारण रस्त्यावर आपल्यापेक्षा तेच अधिक असतात. त्यांना पहाटे पिटाळणारेही आपणच असतो. "सातला तिथे पोहोच" असे सांगून झोपणाऱ्या मालकाने धुक्याचा विचार केलेला नसतो, आणि नोकराला "धुके होते, थांबलो" असे सांगण्याची हिंमत होत नाही. ती हिंमत मालकाने आधीच शब्दात द्यावी.

त्या दिवशी मी वडखळच्या अलीकडे एका टपरीपाशी गाडी उभी केली आणि साडेआठपर्यंत तेथेच बसलो. साध्वीजी केव्हाच पुढे गेल्या होत्या. लुगडेवाल्या बाईंचे नाव विचारायचे राहून गेले. उन्हे वर आल्यावर मी पेणला गेलो, ग्राहकाकडे भांडी उतरवली. साडेसातचा वायदा चुकल्याबद्दल काय सांगावे याची मी वाटभर जुळवाजुळव केली होती. तो भांडी मोजून घेत म्हणाला की लग्न तर अजून चार दिवसांवर आहे, संध्याकाळी आला असता तरी चालले असते.